बोटीखालचं पाणी

तिसऱ्यांदा इंजिन तापलं तेव्हा कप्तानीण बंदराच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर होती. काटा लाल पट्ट्यात शिरला, भोंगा किंचाळायला लागला. तिनं एक ठेवणीतली शिवी हासडली, सुकाणूचा दांडा पलीकडे ढकलला आणि आपली शिडाची बोट परत आत वळवली. धक्क्यावरचे लोक पहिल्या खेपेला हसले होते, दुसऱ्या खेपेला त्यांनी सल्ले दिले होते. या खेपेला ते नुसते बघत राहिले, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

कप्तानीण हे नाव तिला चिडवायला पडलं होतं. बस डेपोत डिझेल इंजिनांखाली पाठीवर पडून तिचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर तिनं ही जुनी बोट घेतली आणि अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, सगळं घेऊन तिच्यात राहायलाच गेली. नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. धाकट्या भावानं आपल्या घराची मागची खोली तिच्यासाठी रिकामी करून ठेवली, ती तीन वर्षं रिकामीच होती. कप्तानीण म्हणून कुणी हाक मारली की ती इतक्या थाटात मान वळवायची, की चिडवणाऱ्याचीच पंचाईत व्हायची.

आता मात्र बंदरच बुजवायला निघालं होतं. आज सूर्य मावळायच्या आत ज्या बोटी स्वतःच्या बळावर बाहेर पडतील त्या वाचणार होत्या. ओढून नेलेली बोट निकामी समजली जाणार आणि निकामी बोटी उद्या फोडल्या जाणार. त्यासाठीचं पिवळं यंत्र धक्क्याच्या टोकाला येऊन बसलंही होतं. बाहेर पडायची वाट दोन दगडी भिंतींमधून होती आणि वारा समुद्राकडून सरळ तोंडावर येत होता. त्या फटीतून शिडांवर निघणं कुणाच्याही बापाला जमलं नसतं. इंजिनच हवं होतं.

"बाई, द्या सोडून," बंदराचा साहेब धक्क्यावरून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्यामुळे त्याच्यावर धड ओरडताही येईना. "सामान उतरवायला माणसं देतो मी."

"सूर्य कुठे आहे?"

"डोक्यावर."

"मग तो आहे तिथे बरा आहे. तुम्ही तरी डोकं खाऊ नका."

तिनं सगळं तपासलं होतं. अशा इंजिनाला थंड ठेवतं ते समुद्राचं पाणी. बोटीच्या तळाशी एक नळ असतो, त्यातून पंप पाणी ओढतो, ते इंजिनाची उष्णता घेतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. तिनं गाळणी उघडली, आरशासारखी स्वच्छ. पंपातलं रबरी चाक काढून पाहिलं, एकही पाकळी तुटलेली नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक उष्णतेला पाण्याची वाट उघडणारी झडप, पातेल्यात टाकून स्टोव्हवर उकळला, तो उघडायचा तिथे बरोबर उघडला. पट्टा ताठ होता, मागून पाण्याची धार जोरात पडत होती. इंजिनात खोट नव्हती. आणि खोट नसलेलं इंजिन तापतं, हे तिला मान्य नव्हतं. शेवटी तिनं भावाला फोन केला.

धाकटा आला तो आपली कामाची पिशवी घेऊनच. तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. त्याच्या पिशवीत एक थर्मामीटर असे, आकडे दाखवणारं खोकं, त्याला लांब वायर आणि टोकाला सुईसारखी दांडी. कुठलीही वस्तू दिसली की आधी तिचं तापमान घ्यायची त्याला सवयच होती. एकदा त्यानं लग्नाच्या पंगतीत भातात सुई खुपसली होती आणि वर्षभर बायकोची बोलणी खाल्ली होती.

"तुझं खोकं काय सांगणार मला?" ती म्हणाली. "दोन हात हवेत म्हणून बोलावलंय."

"ताई, हात आहेतच. खोकं फुकट."

त्यानं इंजिनाच्या अंगात चार ठिकाणी सुई लावली, हूं हूं केलं. मग दोरीला बादली बांधून बोटीशेजारचं समुद्राचं पाणी वर ओढलं आणि त्यात सुई बुडवली. हे कप्तानिणीनं जन्मात केलं नसतं. समुद्र थंडच असतो, तो काय मोजायचा?

"सदतीस," तो म्हणाला.

"बिघडलंय ते."

त्यानं शर्टात हात घालून सुई काखेत धरली. थोड्या वेळानं आकडा बघितला, पुन्हा बादलीत बुडवली, पुन्हा बघितला. मग सुई शर्टाला पुसली आणि पुसतच राहिला.

"दोन्हीकडे सारखंच दाखवतंय," तो म्हणाला.

ते धक्क्याच्या पलीकडच्या बाजूला गेले. तिथलं पाणी बावीस. शेजारच्या बोटीखालचं बावीस. परत हिच्या बोटीखालचं, सदतीस. कप्तानिणीनं बाही वर करून हात खाली घातला. पाणी हिरवं होतं, नेहमीसारखं डिझेलच्या वासाचं. फक्त ऊबदार होतं, आणि तिच्या बोटीच्या कडेपासून वीतभर लांब गेलं की ती ऊब एकदम संपत होती.

वाकल्यावर तिला आणखी एक गोष्ट दिसली. शेजारच्या बोटीच्या पोटाला शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या, त्यांत शिंपले चिकटले होते. हिची बोट तीन वर्षं पाण्याबाहेर काढलेली नव्हती, तरी तिच्या पोटाला काहीही नव्हतं. रोज हात फिरवलेल्या उंबऱ्यासारखं ते गुळगुळीत होतं.

"सदतीसनं इंजिन उकळत नाही," ती उठत म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम चढा ठेवला होता. "चल, पुन्हा जाऊ. तू सुई बाहेर सोडून बस."

ते निघाले. धाकटा कठड्याशी बसून आकडे सांगत होता. धक्का सुटला तेव्हा अडतीस. मधल्या खांबाशी एकेचाळीस. भिंती जवळ येऊ लागल्या तसे आकडे त्याच्या तोंडातून भराभर पडायला लागले, पन्नास, अठ्ठावन्न, सत्तर. भोंगा वाजला. तिनं बोट वळवली आणि आकडे उतरू लागले. धक्क्याला लागेपर्यंत पुन्हा सदतीस.

"आपण निघालो की ताप चढतो," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आणि परत फिरलो की उतरतो. ताई, खाली काहीतरी आहे."

"असेल."

"असेल काय? त्याला तू जायला नको आहेस."

"मग रांगेत उभं राहा म्हणावं. तुझ्या मागे, साहेबाच्या मागे, सगळ्या खानदानाच्या मागे. मला कुठेतरी जाऊ न देणारे काय आज नव्यानं भेटतायत मला?"

ती घाबरली होती. तिनं हात फडक्याला पुसले. पण ते पिवळं यंत्र आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर दात टेकवतंय, हे चित्र तिला त्या पाण्यापेक्षा जास्त भयंकर वाटत होतं. आणि डोकं चालत होतंच. समुद्राचं पाणी नको तर नको. इंजिनाला पाणी लागतं, ते समुद्राचंच पाहिजे असं कुठल्या कंपनीनं लिहिलं नव्हतं.

साहेबाला तिनं सामान उतरवायची माणसं मागितली आणि त्यांच्याकडून दोन मोठी पिंपं बोटीत चढवून घेतली. धक्क्यावरच्या नळानं ती काठोकाठ भरली. तळाचा नळ आवळून बंद केला, पंपाची नळी काढून पिंपात सोडली. हिशोब सरळ होता. पिंपं रिकामी व्हायच्या आत भिंती ओलांडायच्या. ओलांडल्या की शिडं उभारायची, इंजिनाची गरज संपली.

"तू उतर," ती भावाला म्हणाली.

"नळी कोण बदलेल? तुझा तो साहेब?" तो पिंपाशी बसकण मारून बसला.

सूर्य बराच कलला होता. ती निघाली.

मधला खांब मागे पडला. काटा मधोमध, शांत. मागून थंड पाण्याची धार पडत होती. धाकट्यानं पिंपात वाकून पाहिलं आणि अर्ध्यावर आल्याची खूण केली. तेवढ्यात बोटीच्या दोन्ही बाजूंनी वाफ वर यायला लागली.

पायाखालच्या फळ्या गरम झाल्या. चपलेतून चटका बसायला लागला. खालून काहीतरी आदळलं, एकदा, मग थांबून पुन्हा. आत कपाटातली भांडी वाजली.

"ताई, वळव!"

"नळी बदल!"

त्यानं नळी दुसऱ्या पिंपात टाकली. वाफेत भिंती दिसेनाशा झाल्या. ती डाव्या भिंतीवर लाटा आपटण्याच्या आवाजावरून दांडा धरून होती.

"तीन वर्षं राहिलास ना खाली?" ती पाण्याकडे बघून ओरडली. "भाडं मागितलं का कधी मी? आता तापायचं तेवढं ताप! मी थांबणार नाही!"

आणखी एक धक्का. बोट शहारली.

मग भिंतींचा आवाज मागे गेला.

वाफ विरली. तोंडावर मोकळा, खारट वारा आला. फळ्या गार पडत होत्या. पिंप खडखडलं, पंपानं हवा ओढली, आणि तिनं घाईनं इंजिन बंद केलं. धाकटा लहान मुलासारखा हसायला लागला. ती मात्र शीड सोडवायला धावली, कारण वारा समोरून होता आणि क्षणभरात बोट मागे ढकलली जाऊन भिंतींवर आपटली असती.

गाठ सुटेना.

"ताई," धाकटा म्हणाला. त्याचं हसू थांबलं होतं. "इंजिन बंद केलंस ना?"

"केलं."

"मग आपण पुढे कसे चाललोय?"

तिनं मागे पाहिलं. भिंती लांब जात होत्या. वारा तिच्या तोंडावर होता, शीड दोरीत गुंडाळलेलं होतं, आणि बोट सरळ वाऱ्यावर चालून जात होती. मागे पाण्यात फेसाची साधी रेघही उमटत नव्हती.

गाठ तशीच टाकून ती परत आली आणि सुकाणूपाशी बसली. धाकट्यानं सुई पाण्यात सोडली, आकडा सदतीसच होता. मग तिला हळूहळू राग आला, जुना, सवयीचा, आणि त्यानं तिला सावरलं. आयुष्यभर तिनं कुणाला आपल्याला उचलून नेऊ दिलं नव्हतं.

"हे बघ," ती पाण्याला म्हणाली. "यायचं तर ये. पण कुठे जायचं ते मी ठरवणार."

तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ढकलला. दांडा हलेना, बोट सरळच चालत राहिली. तिनं पाय रोवले, अंगाचा सगळा भार टाकला.

"मी सांगतेय ना!"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दांडा सरकला आणि बोटीचं नाक सावकाश डावीकडे वळलं, तिला हवं होतं तिकडे.

"वळली!" धाकटा ओरडला. "ऐकलं, ताई, तुझं ऐकलं!"

दम घ्यायला तिनं हात सैल सोडले. दांडा जागचा हलला नाही. तिच्या दोन मुठींच्या मधल्या जागेत, तिसऱ्या मुठीएवढं लाकूड हळूहळू ओलं होत चाललं होतं.