पालकाची सही

लेन्स बदलावी की नाही, हा प्रश्न दिवाळीपासून घरात होता. माझी मॅक्रो लेन्स अकरा वर्षांची, निवृत्तीनंतर घेतलेली. तिच्यातून काढलेले संत्र्याच्या कळ्यांचे फोटो एका शेतकी मासिकाच्या मुखपृष्ठावर दोनदा आले. ते मी बैठकीत फ्रेम करून लावले आहेत आणि येणाऱ्याला स्वतःहून दाखवते.

माझ्या भाच्याची, अंकुरची नर्सरी सौंसरहून बोरगावला जाताना लागते. तिथे जंभेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधतात. साल चिरायची, डोळा आत सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. वीसेक दिवसांनी पट्टी सोडून पाहायचं. हिरवा असला तर कलम लागलं. बांधणं-सोडणं भाऊरावाकडे, फोटो माझ्याकडे.

डोळा देठाला धरायचा, त्याला बोट लावायचं नाही, हा नियम. घाम लागला की तो काळा पडतो. माझे बाबा, केशवराव, मात्र तेव्हा पट्टीऐवजी वापरायचे ते केळीचं सोपट गुंडाळण्याआधी डोळ्याखाली अंगठा दाबून क्षणभर थांबायचे. लोक हसायचे. पण त्यांनी बांधलेलं कलम मेलेलं कोणी पाहिलं नाही, हे मी आजही अभिमानाने सांगते.

जानेवारीत एका फोटोत डोळ्याखालच्या सालीवर वळणदार रेघा दिसल्या. बुरशी असेल असं वाटलं. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. अंगठ्याचा ठसा होता, आणि त्यावरून एक तिरपा वण गेलेला होता.

"भाऊराव, डोळ्याले अंगठा लावला होता का?"

भाऊराव माझा जुना विद्यार्थी. त्याने दोन्ही हात पुढे केले. "बाई, तुम्हीच मले शिकवलं हात आवरून ठेवाले. मी कायले लावतो?"

त्याच्या अंगठ्यांवर वण नव्हता.

दुसऱ्या दिवशी सात रोपांवर ठसे निघाले. गुरुवारी अख्ख्या ओळीवर. सगळे घट्ट बांधलेल्या पट्टीच्या आत. त्या ओळीतलं एकही रोप मेलं नव्हतं.

"आत्या, शंभरातले शंभर लागून राहिले," अंकुर खुशीत म्हणाला. पांढुर्ण्याच्या एका शेतकऱ्याने ती ओळ आधीच सांगून ठेवली होती. ठशांचं मी अंकुरला काही बोलले नाही.

बाबांना लिहिता येत नव्हतं. कलमाच्या चाकूने त्यांचा उजवा अंगठा तरुणपणीच तिरपा कापला होता. माझ्या प्रगतिपुस्तकात सहावी ते दहावी, पालकाच्या सहीच्या जागी त्यांचे पाच जांभळे अंगठे आहेत. दरवर्षी निकालाला ते धुतलेला सदरा घालून चालत शाळेत यायचे आणि एखाद्या साहेबाने सही करावी तसे सावकाश अंगठा उमटवायचे. शाळेच्या शेवटच्या वर्षी, अकरावीच्या मार्चमध्ये ते गेले. मी शाळेत पहिली आले. हेडमास्तर म्हणाले, काकांची सही आण. मी म्हटलं, त्या जागी दुसऱ्या कोणाची चालणार नाही. तो चौकोन तसाच राहिला.

जुन्या लेन्समधून वण दिसत होता, रेघा मात्र एकमेकींत मिसळत होत्या. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला नुसता वण पुरत नाही. तो ठसा बाबांचा आहे की नाही, मला नक्की कळायला हवं होतं. नागपूरच्या ओळखीच्या दुकानदाराने नवी लेन्स चार दिवस वापरून पाहायला दिली. ठेवली तर जुनी तो घेणार होता.

"आत्या, या वयात एवढं बारीक पाहून काय करतं तू?" अंकुरने चिडवलं.

"तुले धड मोठं दिसत नाही म्हणून मी बारीक पाहतो, बापू."

नर्सरीतले ठसे नव्या लेन्सने पुन्हा टिपले. मग सकाळी अकराच्या उन्हात, खिडकीपाशी प्रगतिपुस्तक उघडलं.

सहावी. वण सातव्या रेघेपाशी सुरू होत होता आणि खाली दुभंगत होता. सालीवरही तसाच.

सातवी. आठवी. नववी. दहावी.

एकही रेघ वेगळी नव्हती.

मला भीती वाटली नाही. ऊर भरून आला.

मग अकरावीचं पान उलटलं. रिकाम्या चौकोनाचाही फोटो काढला. कागदाचे तंतू, एक पिवळा डाग, बाकी काही नाही.

अंकुरची बायको तृप्ती चहा घेऊन आली. "आत्या, लेन्स ठेवता का वापस करता? हे उद्या नागपूरले चालले."

"ठेवतो," मी म्हटलं.

ती कप ठेवायला वाकली आणि तशीच थांबली. "आत्या, हे ओलं कायचं आहे?"

मी पाहिलं.

चौकोनात अंगठा होता. जांभळा नव्हे, हिरवट. जंभेरीच्या ताज्या सालीचा वास येत होता.

कॅमेऱ्यात मघाचा फोटो पाहिला. चौकोन रिकामा होता.

वण चष्म्याशिवायही दिसत होता.

"वापस करून टाक," मी तृप्तीला म्हटलं. "आता गरज नाही."

प्रगतिपुस्तक खिडकीपाशी उघडंच ठेवलं आहे. त्याला आज बारा दिवस झाले. ठसा अजून वाळलेला नाही. सकाळी बोट लावून पाहिलं.

कोमट होता.