पत्ता देऊ का?

ही घडलेली गोष्ट आहे. बाळकाका सप्रे यांनी ती आजवर एकाच माणसाला सांगितली, तीही मान खाली घालून. आपल्याला भास झाला असेल, असं ते स्वतःच दहा वेळा म्हणाले.

पण पत्र होतं.

मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीत, मुलीच्या घरी, उशाशी ठेवलेल्या एका जाड पुस्तकात ते आठ महिने पडून होतं. काकांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्राची शेवटची ओळ अशी होती: "तुमचे मित्र तुमचा पत्ता मागत आहेत. देऊ का?"

पत्र जिथून आलं, तिथे काका एकटेच गेले होते...

डिसेंबर २०२०. भर दुपार, लख्ख ऊन.

काका पुण्यातले निवृत्त ग्रंथपाल. रोम पाहायचं हे जन्मभराचं वेड. मुलीने, मयूराने, तिकीटही काढून दिलं होतं. पण साथ आली, विमानं थांबली आणि काका तिच्याकडेच अडकले. लॉकडाऊन उठल्यावर तिनेच शोध लावला. ट्रेनने दोनेक तासांवर एक जुनी वायनरी होती. तिच्या पहिल्या मालकाने इटलीतून रोमन अवशेष जहाजात घालून आणले होते आणि द्राक्षमळ्यात मांडले होते.

"रोम नाही तर रोमचा तुकडा बघा, बाबा," मयूरा म्हणाली. "आणि वाईन नको असेल तर सरळ नो थँक्स म्हणा. लाजू नका."

काका लाजले.

फाटकावर ग्वेन नावाच्या बाई एकट्याच होत्या. नियमाप्रमाणे येणाऱ्याचं नाव आणि फोन लिहून घेत होत्या. तेवढं पुरे होतं. काकांनी मात्र सवयीने घर क्रमांकापासून पिनकोडपर्यंत सगळा पत्ता लिहिला. बाईंनी अवशेषांपाशी एक खुर्ची मांडली, हातात ग्लास दिला आणि त्या लांब निघून गेल्या.

तीन खांब. एक आडवी शिळा. शिळेच्या मधोमध एक भोक.

खोटं असणार, काकांना वाटलं. सिमेंट असेल. त्यांनी टिचकी मारून पाहिली.

दगडच होता. आणि त्या उन्हातही... गार.

वाईनचं काय करावं कळेना. बाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ती हळूच भोकात ओतली. मग स्टीलचा डबा उघडला. दहीभात होता. जेवण्याआधी उजव्या हाताला चार शितं काढून ठेवायची, चित्राहुती घालायची, ही मुंजीपासूनची सवय. शितं त्यांनी शिळेवर ठेवली.

आणि मग कधीतरी वाचलेलं आठवलं. रोमन लोक थडग्यावरच्या दगडाला भोक ठेवत. आतल्या माणसाला पाजायला.

खालून आवाज आला...

गट्.

पाखरं गप्प झाली होती. काकांनी उजवीकडे पाहिलं. शितं नव्हती. मॅगपाय पक्ष्याने नेली असतील. पण मॅगपाय कुठे होता?

तेवढ्यात ग्वेनबाई आल्या. एका हातात दुसरा ग्लास, दुसऱ्या हातात दुसरी खुर्ची.

"तुमचे मित्र आत कधी आले?" त्यांनी जरा संशयानेच विचारलं. "मी तर फाटकावरच होते. त्यांचं नाव लिहायचं राहिलंय."

काका डबा तिथेच टाकून स्टेशनकडे निघाले. वळून पाहिलं नाही.

आठवड्याने पत्र आलं. डबा सापडला, असं बाईंनी लिहिलं होतं. पण तुमचे मित्र तो हातचा सोडत नाहीत. रोज दुपारी शिळेवर बसलेले असतात. पाव दिला तर शिवत नाहीत. लोकांचे पत्ते मी कुलपात ठेवते, विचारल्याशिवाय देत नाही. तर... देऊ का?

काय लिहायचं? "देऊ नका" म्हणावं, तर असा कोणीतरी आहे हे कबूल करावं लागणार. कोणी नाहीच म्हणावं, तर मग जेवायला कोणाला घातलंत? की बाईच चेष्टा करत होत्या? काकांनी पत्र पुस्तकात सारलं आणि चित्राहुती बंद केली.

"बाबा, नास्तिक झालात की काय?" मयूराने चिडवलं.

ऑगस्ट उजाडला. पुन्हा लॉकडाऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोरच्या घरातल्या चिन्मयीने एका दुपारी कुंपणापलीकडून हाक मारली.

"काका, तुमचे कोणी पाहुणे आलेत का? एक म्हातारे मघाशी सगळ्यांचे लेटरबॉक्स वाकून वाकून बघत होते. मास्क नाही, काही नाही. मी लांबूनच इथल्यासारखं म्हटलं, मेट, मास्क लावा."

"मग?"

"बोलले नाहीत. हातातला डबा उघडून दाखवला. तुमच्यासारखाच, स्टीलचा."

"काय होतं त्यात?"

"काहीच नाही. रिकामा होता."

मयूरा आत कामाच्या कॉलवर होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि दाराची घंटा वाजली की दार नेहमी तीच उघडायची.

काकांनी त्याच क्षणी कागद ओढला. "ते माझे मित्र नाहीत. कृपया माझा पत्ता देऊ नका." पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, मास्क चढवला.

कोपऱ्यावर लाल पेटी होती. मागे कोणी नव्हतं. काकांनी दोनदा पाहिलं. पत्र आत सोडलं. सुटलो, असं वाटलं.

आणि मग हात तसाच फटीशी राहिला.

पाकिटाच्या मागे, जन्मभराच्या सवयीने, त्यांनी प्रेषक म्हणून आपलं नाव लिहिलं होतं. खाली घर क्रमांक. रस्ता. पिनकोड.

पत्र पेटीत पडल्याचा आवाज अजून आला नव्हता...

आतून आला तो, डब्याचं झाकण उघडल्याचा.