न जुळलेला ठसा

"जुळत नाही!" सलीम तांबोळीने हेडफोन काढून टेबलावर आपटला. "थोडासुद्धा जुळत नाही. वाट लागली सगळी!"

दहिवडीच्या माळावरच्या मंगळ-संपर्क केंद्रात त्या दुपारी तिघंच होते. सलीम आणि मैथिली खरमाटे हे दोघं संगणक अभियंते, आणि मोहिमेचे प्रमुख डॉ. प्रभुदास गजभिये. गजभियेंचं आयुष्य रॉकेटांत गेलेलं. संगणकाच्या पोटात काय चालतं याच्याशी त्यांची कधी गाठ पडली नव्हती, आणि आज नेमकी पडली होती.

मंगळावरच्या 'अंकुर' वसाहतीत चार माणसं होती. होती म्हणायचं की आहेत म्हणायचं, हाच तर घोर होता! चौदा महिन्यांपूर्वी सूर्यावर मोठं वादळ झालं आणि तेव्हापासून तिकडून एक शब्द आला नव्हता. त्या चौघांत मैथिलीची धाकटी बहीण इरा होती, इराचा नवरा सुमेध होता. अन्न घेऊन जाणारं मदतयान तळावर इंधन भरून उभं होतं, पण समितीने बजावलं होतं की तिथे कुणी जिवंत आहे याची एक तरी खूण आज संध्याकाळपर्यंत दाखवा, नाहीतर उड्डाण रद्द. पृथ्वी आणि मंगळ पुन्हा सोयीच्या जागी यायला दोन वर्षांहून जास्त काळ लागणार होता. वसाहतीतलं धान्य इतके दिवस पुरणं शक्यच नव्हतं.

"मला एकदा नीट सांगा," गजभिये खुर्ची ओढून बसले. "रॉकेटवाल्याला कळेल असं सांगा."

"सर, वसाहतीचा आवाज आपल्यापर्यंत आणतो तो वरचा फिरता उपग्रह," मैथिली म्हणाली. "तो शाबूत आहे. त्याची मोठी अँटेनाही शाबूत आहे. बिघडलाय तो त्याच्या संगणकाचा कर्नल. आम्ही त्याला गाभा म्हणतो. कुठल्या भागाने कधी काय करायचं, हे ठरवणारा कारभारीच म्हणा ना. वादळाने घड्याळ मागे-पुढे झालं, हा कारभारी गोंधळला आणि अँटेनाला हात लावायचाच विसरला."

"मग नवा गाभा पाठवा की."

"तो फार मोठा आहे. आपला आवाज तिकडे पोचतो, पण अगदी बारीक धारेने. सगळा गाभा पाठवायला वर्ष जाईल." मैथिलीच्या बोलण्याला आता वेग आला होता. "पण हा गाभा मुक्तस्रोत आहे! त्याची मूळसंहिता, म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर, सगळ्यांना खुली आहे. म्हणून तर उपग्रह बनवणारी कंपनी बुडाली तरी आम्हाला चूक शोधता आली. त्या मूळसंहितेची प्रत उपग्रहावरही आहे, आणि तिच्यापासून चालता गाभा तयार करणारा बांधणीकारही आहे. आम्ही फक्त दुरुस्तीच्या ओळी पाठवल्या. बांधणी त्याने तिकडे स्वतः करायची."

"आणि जुळत नाही म्हणता तो ठसा?"

"तो आमचा ताळा," सलीम म्हणाला. "तीच मूळसंहिता, तोच बांधणीकार, त्याच निवडी असतील, तर इथे बांधलेला आणि तिथे बांधलेला गाभा अगदी एकसारखा निघतो. त्या सगळ्या गाभ्याचं गणित करून चौसष्ट अक्षरांचा ठसा निघतो. आत एक टिंब जरी बदललं तरी सगळा ठसा बदलतो. उपग्रहाची छोटी अँटेना एवढंच पाठवू शकते. तिला बोलता येत नाही, नुसता ठसा उमटवता येतो."

"आणि तो जुळला नाही."

"नाही जुळला. किरणांनी आत एखादं अक्षर फिरवलं असेल. असला गाभा बसवला आणि तो उठलाच नाही, तर जुना परत आणायची सोय वादळात जळालीय. उपग्रह कायमचा गेला. म्हणून तर बसवायची आज्ञा आपण इथून दिल्याशिवाय तो काही करत नाही."

गजभिये फोनकडे हात नेऊन थांबले. मग हळूच म्हणाले, "मैथिली, मी समितीला कळवतो. माझाही नाइलाज आहे गं."

मैथिलीचं लक्ष नव्हतं. ती पडद्यावरच्या वेळेकडे टक लावून बघत होती.

"सल्या, हा ठसा उशिरा आलाय."

"आला असेल. संगणक जुना आहे."

"उगाच नाही आला. आपल्या हिशेबापेक्षा जवळजवळ दीडपट वेळ लागलाय. म्हणजे बांधणी अर्ध्यावर मोडली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली."

"होतं तसं. मोडते कधी कधी."

"मोडते रे! पण मोडलेली बांधणी स्वतःहून सुरू होते का कधी?"

सलीमने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"नाही होत," तो म्हणाला. "ती तशीच पडून राहते. कुणीतरी हाताने सुरू करावी लागते. आयला! मैथिली!"

"आपण इथून केली नाही. मग कुणी केली?"

गजभिये ताडकन उठले. "वसाहतीतून उपग्रहाला हात लावता येतो?"

"येतो सर! जवळचा रेडिओ वेगळा आहे. ते उपग्रहाशी बोलू शकतात, फक्त त्यांचं बोलणं उपग्रह आपल्यापर्यंत आणू शकत नाही. आणि बांधणी हाताने सुरू केली की यंत्र विचारतं, या गाभ्याला ओळखीचं नाव काय द्यायचं? ते नाव गाभ्याच्या आतच बसतं. रिकामं सोडलं असतं तर ठसा जुळला असता. पण इरा रिकामं सोडेल होय?"

इथे आम्हा गाभेकरी मंडळींची एक खोड सांगायला हवी. होय, हे लिहिणाराही त्यातलाच. बांधणीला तासन् तास लागतात, म्हणून ती लावून दिली की सगळ्यांनी मिळून जेवायला बसायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. आणि गाभ्याला नाव काय द्यायचं? तर त्या दिवशी पानात काय होतं आणि जेवायला किती जण होते ते. 'झुणका-७', 'मिसळ-९'. शिस्तीची माणसं आम्हाला हसतात. इरा मंगळावर जाण्यापूर्वी पाच वर्षं आमच्यातच बसून जेवत होती.

"पण ठशावरून नाव कसं काढणार?" गजभियेंनी विचारलं.

"काढता येत नाही, ओळखावं लागतं," मैथिली म्हणाली. "एकेक नाव घालून इथे गाभा बांधायचा आणि ठसा जुळतो का बघायचं. सगळा स्वयंपाक पुन्हा नको सर, नुसती फोडणी बदलायची, मिनिटाचं काम. आणि जुळला, तर नावाखेरीज बाकी सगळं बरोबर आहे हेही सिद्ध झालं. एका अक्षराची गडबड असती तरी जुळला नसता."

"मग बघता काय माझ्या तोंडाकडे? लावा!"

वसाहतीच्या कोठारात काय होतं, हरितगृहात काय पिकत होतं, त्यातून काय काय रांधता येईल, हे तिघंही एकदम ओरडू लागले. बटाट्याची भाजी, खिचडी, खीर, नाचणीची भाकरी, पिठलं. गजभियेंनी वरण-फळं सुचवली आणि त्यांच्या गावाकडे ती कशी करतात हेही सांगून टाकलं. सलीमने सगळे पदार्थ यंत्रात भरले आणि प्रत्येकापुढे चार लावले. यंत्रं घरघरायला लागली.

चार कुठेच जुळला नाही.

सलीमने मैथिलीकडे पाहिलं. पुढचा आकडा काय, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्याचा अर्थही.

"तीन लाव," मैथिली म्हणाली. चौघांतला कोण कमी झाला, हे तो आकडा सांगणार नव्हता.

तीन जुळला नाही. दोन जुळला नाही. एक लावताना मैथिली उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एकही जुळला नाही.

"पुरे आता," गजभिये तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही दोघांनी शर्थ केलीत."

"सर, पाच-सहा पण लावून टाकू का?" सलीमने विचारलं. "यंत्र रिकामंच आहे."

"काहीतरीच काय! चार गेले तिथे पाच कुठून येतील?"

"असू द्या हो. बसून तरी काय करायचं?" त्याने कळ दाबली.

समितीचा फोन वाजू लागला. गजभिये तो घ्यायला वळले आणि तेवढ्यात सलीम खुर्चीसकट मागे कोलमडला.

"जुळला! जुळला! अख्खाच्या अख्खा जुळला!"

पडद्यावर ठशाची दोन रांगांतली अक्षरं अगदी सारखी होती, आणि खाली नाव होतं: 'खीर-५'.

"पाच?" गजभिये ओरडले. "चूक आहे ही! तिकडे दुसरं यान गेलेलं नाही. पाचवं माणूस तिथे पोचायला वाट कुठे आहे?"

"एक आहे ना, सर," मैथिली म्हणाली. ती रडत होती की हसत होती कोण जाणे, बहुतेक दोन्ही. "चौदा महिने झाले! अहो, चौदा महिने! आमच्यात जेवतात तेवढीच माणसं मोजतात, अंगावर पिणारं मूल नाही मोजत. ते पहिल्यांदा जेवलं असणार. खीर काय उगाच केली? उष्टावण केलंय तिने, मंगळावर उष्टावण!"

गजभियेंनी बोटांवर महिने मोजले. मग त्यांना फोनची आठवण झाली.

"हॅलो! हो, मीच. खूण मिळाली, यान सोडा. काय? कागदावर माणसं चार लिहिलीत? खोडा ते. पाच लिहा. अहो, मी शुद्धीवरच आहे! पाच!"

मैथिली दोन्ही हातांनी डोळे पुसत होती, तरी ते पुन्हा भरतच होते. सलीमने तिच्यासमोर कळफलक सरकवला. पडद्यावर उपग्रहाचा प्रश्न तसाच थांबला होता: गाभा बसवू का?

"ओ मावशी," सलीम म्हणाला, "रडा मागाहून. आधी गाभा बसवा, म्हणजे भाचरू रडतंय ते तरी ऐकू येईल."

मैथिलीने 'होय' दाबलं.