चालणारी बाकं

"माझ्या मनात कुणाहीबद्दल तिळभरही मत्सर नाही!" चर्चच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून ठिणगीनं जगाला जाहीर केलं.

जग म्हणजे तिचा धाकटा भाऊ शेपूट. तो खालच्या पायरीवर बसून सफरचंद खात होता.

"मग दादाच्या सायकलची हवा कोणी सोडली?"

"ती आपोआप गेली. हवेला काय, कधीही जावंसं वाटतं!"

दादा म्हणजे त्यांचा मामेभाऊ. सुट्टीसाठी आला होता आणि येताना जगातली सगळी माहिती बरोबर घेऊन आला होता, म्हणून त्याचं नाव पडलं विश्वकोश. ठिणगीचं पोट दुखायला कारणही तसंच होतं. जुन्या चर्चची दुरुस्ती होत आली होती आणि येत्या रविवारी बिशप येणार होते. त्या दिवशी दोन वर्षांनी पहिल्यांदा घंटा वाजणार होती. ती आपणच वाजवायची म्हणून ठिणगी वर्षभर अंगणातल्या झाडाला दोर बांधून ओढत होती. झाड वाकडं झालं. आणि विश्वकोशनं काय केलं? फादरना घंटा कशी ओततात ते सांगितलं! फादर खूश झाले आणि म्हणाले, "वा! रविवारी घंटा तूच वाजव!"

"नुसतं बोलून!" ठिणगी फणफणली. "दोराला हातसुद्धा न लावता!"

इतक्यात आतून सुतारकाकांची आरोळी आली. "अरे देवा! पुन्हा चालली!"

दोघं आत धावली. वाळवीनं खाल्लेली जुनी जमीन काढून सुतारकाकांनी नवी लाकडी जमीन घातली होती. तिच्यावर नवी बाकं होती. प्रत्येक बाक एकेका घरानं दिलेलं, आणि पाठीवर देणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी. काल मागे असलेलं बेकरीवाल्या काकांचं बाक आज सगळ्यांत पुढे आलं होतं. चष्मेवाल्या काकांचं परवा पुढे होतं, ते आज मागे गेलं होतं. आणि तुळतुळीत जमिनीवर हे लांबलचक ओरखडे!

"बाकांना पाय असतात," शेपूट गंभीरपणे म्हणाला. "चार चार."

फादर मात्र हसले नाहीत. "पोरांचेच खेळ आहेत हे! बिशप जमीन बघून छपराच्या मदतीचं ठरवणार आहेत. ही अशी जमीन बघितली तर मिळालीच मदत! कोणी केलं ते शनिवारपर्यंत कळलं नाही, तर रविवारी घंटा वाजणार नाही. कुणीच वाजवायची नाही!"

ठिणगीला एक क्षण फार गोड वाटलं. कुणीच नाही म्हणजे विश्वकोशही नाही! पण मग आपणही नाही. गोडवा लगेच उतरला.

आणि तेवढ्यात पुढच्या बाकाखाली तिला दिसली एक निळी टोपी. विश्वकोशची!

"देव आहे!" ठिणगी पुटपुटली. चर्चमध्ये उभं राहून तिला हे इतकं मनापासून पहिल्यांदाच पटलं होतं. टोपी तिनं फ्रॉकच्या खिशात कोंबली.

"फादरना दाखव ना," शेपूट म्हणाला.

"अंहं. रंगेहाथ पकडायचं त्याला! मग टोपी, मग ओरखडे, मग फादरचा चेहरा. सगळं एकदम!"

दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालं तेव्हा दोघं मागच्या अरुंद जिन्यानं गायकांच्या माडीवर चढली. तिथून खालची सगळी बाकं दिसायची, आणि घंटेचा दोरही तिथंच लोंबत होता. ठिणगी दबक्या पावलांनी पुढे सरकली आणि कुणाच्या तरी पायावर पडली.

"आई गं! हळू!" विश्वकोश कुजबुजला.

"तू? तू इथे काय करतोयस?"

"पाळत. सकाळी ओरखडे मोजताना माझी टोपी पडली कुठेतरी. बाक एकट्यानं ओढलंय बघ, एकच पाय जास्त घासलाय. आणि मोठ्या माणसानं. मी प्रयत्न केला, माझ्यानं हललं नाही."

खिशातली टोपी ठिणगीला एकदम जड लागायला लागली. हा चोर नव्हता तर! इतका छान चोर हातचा गेला म्हणून ती हळहळली. ती टोपी त्याच्या अंगावर फेकणार, तोच खालचं दार करकरलं.

बेकरीवाले काका! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आपल्याच बाकावरची पट्टी बाहीनं पुसली आणि ते बाक आणखी वीतभर पुढे ओढलं. खर्रर्र!

"पुढेच तर होतं!" शेपूट पुटपुटला.

"वेदीवर चढवणार वाटतं," ठिणगी म्हणाली.

पुन्हा दार वाजलं. बेकरीवाले काका धपकन बाकाखाली शिरले. ते तिथे पूर्ण मावत नव्हते. पण आत आलेले चष्मेवाले काका दुकानातले सगळे चष्मे घालूनही स्वतःच्या बाकापलीकडे काही बघत नसत. ते ओढत ओढत स्वतःचं बाक पुढे आणायला लागले. खर्रर्र!

"अहो, माझं आधी होतं!" बाकाखालून आवाज आला.

चष्मेवाले काका किंचाळलेच. मग दोघे दबक्या आवाजात भांडू लागले. "तुमचा पाव सोडून तुम्ही इथे काय भाजताय?" "आणि तुम्हाला एवढं लांबचं कसं हो दिसलं?"

तेवढ्यात तिसऱ्यांदा दार वाजलं. दोघेही बाकाखाली! काठी टेकत कोणीतरी आत आलं, आणि वर माडीवर ठिणगी कठड्यावरून वाकली.

आजोबा! चर्च समितीचे अध्यक्ष. रोज जेवताना "माणसानं नम्र असावं" म्हणणारे तिचे सख्खे आजोबा! काठी बाजूला ठेवून ते घरचं बाक ओढत होते.

मग विश्वकोश हळूच म्हणाला, "ठिणगे, तुझे आजोबा आहेत. मी काही पाहिलं नाही. हवं तर फादरना सांगतो, मीच केलं. मी काय, सुट्टी संपली की जाणारच आहे."

ठिणगीच्या डोक्यात सणक गेली. माहितीत हा पुढे, घंटेत हा पुढे, आणि आता चांगुलपणातसुद्धा हाच पुढे? हे मात्र अती झालं!

"काही नको!" ती फुत्कारली. "माझे आजोबा आहेत, माझं मी बघते! रंगेहाथ म्हणजे रंगेहाथ!" आणि तिनं घंटेचा दोर धरून ओढला.

दोर ढिम्म हलला नाही. झाड हललं होतं, पण ही घंटा झाडाच्या वरताण निघाली.

"खांद्यातून नको, गुडघे वाकवून!" विश्वकोश म्हणाला.

"शिकवू नकोस, ओढ!"

दोघांनी मिळून लोंबकळून ओढला. शेपूट दोघांच्या कमरेला लोंबकळला.

टण्ण! टण्ण! टण्ण!

दोन वर्षांनी घंटा वाजली! आडवं झालेलं गाव ताडकन उभं राहिलं. कोणी तोंडाला साबण लावलेला, कोणी एका पायात चप्पल, असे सगळे चर्चमध्ये घुसले. समोर आजोबा बाकाचं टोक धरून उभे, आणि दोन बाकांखालून चार बूट बाहेर आलेले.

फादर गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"मी... नुसती धूळ झटकत होतो," आजोबा म्हणाले. मग माडीवरून वाकून बघणारी नात त्यांना दिसली. त्यांनी बाक सोडलं आणि खाली मान घातली. "नाही फादर. पट्टी पुढे दिसावी म्हणून ओढत होतो. त्या दोघांची पुढे गेली, मग मला राहवेना."

"आम्हालाही!" बाकाखालून दोन आवाज आले.

"पट्ट्या काढूनच टाकतो सगळ्या!" फादर कडाडले.

"काढू नका ना," माडीवरून शेपटाचा बारीक आवाज आला. "खाली लावा. एवढ्या वर मला वाचताच येत नाहीत."

फादरनी वर पाहिलं. मग सुतारकाकांकडे पाहिलं. मग दोघेही हसायला लागले.

शनिवारपर्यंत सगळ्या पट्ट्या बाकांच्या पार तळाशी गेल्या. गुडघे टेकल्याशिवाय एकही नाव वाचता येईना. आणि तिघा काका-आजोबांनी रांगत रांगत ओरखडे घासून काढले.

रविवारी बिशप आले. मिस्साची प्रार्थना सुरू झाली आणि ते थक्क झाले. सगळी मंडळी गुडघ्यांवर गेली ती उठेचनात! जो तो मान तिरकी करून पुढच्या बाकाच्या तळाकडे टक लावून बसलेला.

"एवढी भक्ती मी कुठेच पाहिली नाही," बिशप गहिवरून म्हणाले. "या चर्चला छप्पर मिळालंच पाहिजे!"

फादरना अचानक खोकला आला. मग त्यांनी सगळ्यांसमोर तीन मुलांना उभं केलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आजोबा सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागले. "माझ्या नातीनं मला पकडलं!" ते शेजारच्यांना सांगत होते, जणू बक्षीसच मिळालंय.

"आज घंटा दोघांनी मिळून वाजवायची," फादर म्हणाले. "हेवा गेला, मैत्री आली. याहून सुंदर घंटानाद कोणता?"

पुष्कळ जणांनी डोळे पुसले. ठिणगीलाही भरून आलं. तिनं निळी टोपी खिशातून काढून विश्वकोशच्या डोक्यावर नीट बसवली. दोघं माडीवर चढली. खाली सगळं चर्च माना वर करून वाट बघत होतं. विश्वकोशनं दोर धरला. ठिणगीनं धरला. मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"ऐक ना," ती म्हणाली, "तू जरा खाली धर. वरची जागा माझी आहे."