हट्ट्यातली प्यादेमात

"मोठ्यानं! माईकात तोंड घालून बोल, लेका! गावाला ऐकू गेलं पाहिजे!"

व्यंकटरावांनी माईक अकरा वर्षांच्या बुद्धभूषणच्या ओठांना टेकवला. मंगल कार्यालयातली माणसं माना लांब करून बघू लागली. हट्ट्यातल्या या दिवाळी बुद्धिबळ स्पर्धेचा एक रिवाज होता, आणि तो अध्यक्ष व्यंकटरावांच्याच सुपीक डोक्यातून निघाला होता. जो हरेल त्यानं कान धरून माईकवर 'मी ढ' म्हणायचं! मोठ्यांना हा रिवाज फार आवडायचा. मोठ्यांना खेळायचं नव्हतं ना!

"मी... मी ढ," बुद्धभूषण म्हणाला.

भोंगा गच्चीवर बांधला होता. आवाज चौकात गेला, बसथांब्यावर गेला, आणि गावाबाहेर कापूस वेचणाऱ्या त्याच्या आईच्या कानावरही गेला. कार्यालयात हशा पिकला. पल्लवी, त्याची तेरा वर्षांची ताई, कोपऱ्यात उभी होती. हसणाऱ्या एकेकाचे दात पाडावेत असं तिला वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

त्या दिवसापासून भूषण घराबाहेर पडला नाही. जेवायला वाढलं की दोन घास खायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. पोरं दारावरून जाताना "ए ढ!" अशी हाक मारून पळायची. पल्लवी स्वतः अंतिम फेरीत पोचली होती, पण घरात त्याचा आनंद करायला कुणाला उसंत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुरज आणि राणी आले. सुरज म्हणजे शेजारचा खादाड, आणि राणी पल्लवीच्या वर्गातली.

"तू हरलास तरी कसा?" सुरजनं भूषणला विचारलं. "तुझं प्यादं तर शेवटच्या रांगेत पोचलं होतं!"

भूषण भिंतीशीच बोलला, "मी वजीर घेतला, तर भागवतसरांनी तो काढून घेतला. म्हणले, घोड्याच्या पट्टीत पोचलास, तर घोडाच मिळंल. गावचा नियम हाय."

नियम खोटा नव्हता. जुनी माणसं पारावर असंच खेळायची. प्यादं ज्या मोहऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे त्याच्या समोरच्या उभ्या रांगेतून, पार जाईल, तेच मोहरं मिळायचं. पण स्पर्धेच्या पत्रकावर 'नियम आंतरराष्ट्रीय' असं ठळक छापलं होतं, आणि त्या नियमात हवं ते मोहरं मिळतं.

राणी ताडकन उठली. "थांबा! मी पहिल्या फेरीत वैजनाथशी हरले ना? त्याचं प्यादं हत्तीच्या पट्टीत पोचलं होतं, अन् त्यानं वजीर घेतला! सर समोरच उभे होते. काही बोलले न्हाई!"

वैजनाथ म्हणजे व्यंकटरावांचा पुतण्या. भूषणला हरवून पल्लवीसमोर अंतिम फेरीत आलेलाही तोच होता.

"म्हंजे त्याला एक नियम अन् आपल्याला दुसरा?" सुरज ओरडला. "राणे, तवाच काहून न्हाई बोललीस?"

"'मी ढ' म्हणून झाल्यावर आपलं कोण ऐकतंय?" राणी म्हणाली.

पुरावा एकच होता. प्रत्येक खेळाडू दोन्ही बाजूंच्या चाली कागदावर लिहायचा, आणि डाव संपला की पंच त्यावर सही करून तो ठेवून घ्यायचे. तिघं धावतच पंचांकडं, म्हणजे भागवतसरांकडं गेली. सर ओट्यावर दाढी करत होते.

"राणीचा कागद?" ते आरशातूनच म्हणाले. "रद्दीत घातले सगळे. डाव संपला, आता कागदाचं काय लोणचं घालता का? पळा!"

"गेला पुरावा!" राणी रडवेली झाली.

"गेला न्हाई! गावातली रद्दी कुठं जाते, हे माझ्या पोटाला बराबर ठाऊक हाय!" सुरज म्हणाला आणि पळत सुटला.

बसथांब्यावर धनसिंगमामांचा भज्यांचा गाडा होता. कागदांचा गठ्ठा तिथं होता खरा, पण वरचे कितीतरी कागद उडाले होते. तिघांनी गठ्ठा उपसला. भूषणचा कागद सापडला, सुरजचा सापडला, राणीचा काही सापडेना. तेवढ्यात समोर उभ्या असलेल्या वसमतच्या बसची घंटी वाजली. राणीनं सहज वर पाहिलं आणि किंचाळली, "माझं अक्षर! त्या मावशींच्या हातात!"

खिडकीतल्या मावशी तिच्याच कागदातून गरम भजी खात होत्या. बस हलली. सुरज जिवाच्या आकांतानं धावला आणि पत्र्यावर थापा मारू लागला. "मावशी! भजी खा, पण कागद द्या!"

"आधी खाऊ तर दे, मेल्या! काय भिकेची तऱ्हा ही!"

"मावशी, माझ्या भावाच्या इज्जतीचा सवाल हाय हो!" मागून धावणारी पल्लवी ओरडली. मावशींनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, उरलेली भजी ओटीत ओतली आणि कागद खिडकीतून भिरकावला.

कागद तेलानं पारदर्शक झाला होता, पण अक्षर शाबूत होतं. 'एकतिसावी चाल. वैजनाथचं प्यादं हत्तीच्या पट्टीत पार. वजीर घेतला.' खाली भागवतसरांची लफ्फेदार सही होती.

"चला व्यंकटरावांकडं!" सुरज धापा टाकत म्हणाला.

"न्हाई," पल्लवी म्हणाली. "ते फाडून टाकतील अन् म्हणतील, नजरचूक झाली. मला सगळ्या गावासमोर पाहिजे. त्याच भोंग्यावर."

तिचा आवाज थंड होता. राणीनं कागदाची घडी घातली.

अंतिम सामन्याच्या दिवशी कार्यालय खच्चून भरलं. पल्लवी भागवतसरांपुढं मान खाली घालून उभी राहिली. "सर, आमच्या वस्तीतल्या लेकरांना नियमातलं काही कळत न्हाई. प्याद्याचा नियम फळ्यावर लिहून देता का?"

"कळायचा कसा!" सर खुशीत हसले. अडाण्यांना शहाणपण शिकवण्यात त्यांना भारी गोडी होती. त्यांनी खडूनं भलं मोठं लिहिलं, 'प्यादं ज्या पट्टीत पार जाईल, त्याच पट्टीचं मोहरं मिळेल. सर्वांना लागू.' खाली सही ठोकली.

डाव रंगला. वैजनाथ बारा वर्षांचा, नखं खाणारा, पण खेळायला चांगला होता. त्याचं एक प्यादं घोड्याच्या पट्टीतून पुढं सरकू लागलं. पल्लवीला ते सहज मारता येत होतं. तिनं मारलं नाही! तिनं आपलंच एक प्यादं वैजनाथच्या राजाकडं सरकवलं.

"येडी झाली का ही?" सुरज कुजबुजला. "त्याला वजीर मिळाला तर पुढच्या चालीला खलास हाय ही!"

वैजनाथचं प्यादं पार गेलं. त्यानं वजीर उचलून पटावर ठेवला. भागवतसरांनी माईकवर आरोळी दिली, "वैजनाथचा वजीर आला! टाळ्या!"

"सर," पल्लवी उभी राहिली. "फळा वाचा की."

टाळ्या विरल्या. सरांनी फळ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "ते... म्हंजे... आंतरराष्ट्रीय नियमानं..."

"मग त्या दिवशी माझ्या भावाला घोडा काहून दिला? अन् राणीच्या डावात याला वजीर काहून दिला?"

राणीनं तेलकट कागद उंच धरला. धनसिंगमामा गर्दीतून पुढं आले, त्यांनी कागद उजेडात धरून खणखणीत आवाजात वाचला. "हा तर माझ्या गाड्यावरचा! सही तुमचीच न्हाई का, भागवतराव?"

माईक चालूच होता. अख्ख्या हट्ट्यानं ऐकलं. भागवतसर घाम पुसत मागच्या दारानं सटकले. वारं फिरलेलं दिसताच व्यंकटरावही फिरले. त्यांनी स्वतःच्या हातानं वजीर उचलला आणि तिथं घोडा ठेवला. "माझ्या स्पर्धेत अन्याय चालायचा न्हाई! खेळ, पोरी!"

पल्लवीनं प्यादं एक घर पुढं ढकललं. "शह."

वैजनाथनं पटावर नजर फिरवली. राजाला एकही घर उरलं नव्हतं. वजीर असता तर त्यानं ते प्यादं मारलं असतं, घोडा तिथवर पोचत नव्हता.

"प्यादेमात!" धनसिंगमामा नाचायलाच लागले. "अरे, प्याद्यानं राजा मारला!" जुन्या खेळात याहून मोठा विजय नाही, आणि हरणाऱ्याला याहून मोठी नामुष्की नाही.

व्यंकटरावांनी माईकवर जाहीर केलं, "दोन नियम लावल्यामुळं बुद्धभूषणचा डाव अन्यायानं गेला. तो हरला नव्हता!" पल्लवीनं डोळे मिटले. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

"पोरगी न्हाई, वाघीण हाय!" "डोकं म्हणावं तर असं!" त्या दिवशी हसणारे तेच दात आज कौतुकानं चमकत होते. कुणी पाठ थोपटली, कुणी टाळी दिली. मग मागून एकजण ओरडला, "अन् रिवाज?"

"रिवाज! रिवाज!" सगळं कार्यालय ओरडू लागलं.

वैजनाथ पल्लवीकडं वळला. "सर म्हणले होते, माझा वजीर नियमात बसतो, भूषणचा न्हाई. ती लबाडी होती हे मला खरंच ठाऊक नव्हतं, पल्लवी."

व्यंकटरावांनीच त्याचा कान पिरगाळला. घराण्याचं नाक कापलं गेलं होतं, आणि राग काढायला हा कान जवळ होता. "पोरी, तू जिंकलीस. तू म्हणशील तर सोडतो याला."

वैजनाथ खोटं बोलत नव्हता. पल्लवीला ते स्पष्ट कळलं. कळूनसुद्धा ती म्हणाली, "न्हाई. बोलू द्या. मोठ्यानं."

वैजनाथ बोलला. अर्ध्यावर त्याला हुंदका आला, तर व्यंकटरावांनी पुन्हा म्हणायला लावलं. लोक हसून हसून लोळले. धनसिंगमामा म्हणाले, "शाब्बास, पोरी! अशी अद्दल घडवावी!"

पल्लवी धावतच घरी गेली. भूषण उठून बसला होता. चार दिवसांनी त्याच्या ताटात भाकरी होती आणि तो तोंड भरून हसत होता.

"ऐकलं ताई! सगळं ऐकलं! कसा रडला गं तो! करून दाखव ना, कसा रडला?"

आईही हसत होती. "दाखव की, बाई. लेकरू किती दिसांनी हसून राहिलं!"

पल्लवीनं करून दाखवलं. भूषण पोट धरून हसला आणि म्हणाला, "अजून एकदा!" याच हसण्यासाठी तिनं बसमागं धाव घेतली होती, पट मांडला होता. ते तिला मिळालं होतं, आणि आता तिला ते बघवत नव्हतं.