गोदाक्कांचा डोह

शुभ्रा नावाच्या उपग्रहावर (ग्रहाभोवती फिरणाऱ्या गोलावर) जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात स्पंद होता. स्पंद म्हणजे विश्वात भरून राहिलेली गूढ ऊर्जा. ती ज्याच्या अंगात उतरते, तो नुसत्या मनाने धोंडा उचलतो. स्वानंदीचे आजोबा, शास्त्रज्ञ भास्करराव, तर अख्खं यान उचलायचे. आणि त्यांच्या नातीला स्पंदमापक (स्पंद मोजायचं यंत्र) लावला, तर काटा जागचा हलेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

म्हणून तर पोरीचा सगळा जीव गोदाक्कांच्या डोहात अडकला होता. गोदाक्काही तिच्यासारख्याच शून्य, म्हणजे स्पंद नसलेल्या. पण वर्षातून एकदा, शुभ्रावरची शून्यांची मोजकी घरं गुहेत जमली की गोदाक्का काळ्या पाण्याशी बसून मंत्र म्हणत, बोट टेकवत, आणि बघता बघता डोह गोठून जाई. म्हणजे स्पंदावाचून वेगळी जादू असणारच, आणि असली तर ती आपल्यालाही येईल, एवढीच स्वानंदीची आशा होती.

आजोबांना ते पटत नव्हतं. मापक घेऊन ते दोनदा गुहेत गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांना डोह आधीच गोठलेला दिसला होता. गेल्या वर्षी नातीने पाहिलेलं सांगायला घेतलं, तर ते हसले होते. यंदा तिने हट्टच धरला, की डोहाची परीक्षा तरी घ्या.

"मापकावर शून्य आलं म्हणजे तिथं स्पंद नाही, एवढंच कळतं," आजोबा म्हणाले. "मग काय आहे, ते शोधावं लागतं."

स्वानंदीने डोहाचं पाणी आणलं. दोन बाटल्या जाड शीतपेटीत न हलवता ठेवल्या. बऱ्याच वेळाने आजोबांनी एक हलकेच उचलली, तर ती हातातच पांढरी झाली. मग ते लांब सरकले आणि दुसरी स्वानंदीने तशीच हलकेच उचलली. पाणी तसंच नितळ. त्यात तिने बर्फाची कणी टाकली मात्र, कणीभोवती पांढऱ्या सुया फुटल्या आणि बाटलीभर पसरल्या.

मग आजोबांनी समजावलं. पाणी गोठायला नुसती थंडी पुरत नाही. दुधाला विरजण लागतं, तशी पाण्याला बर्फाची पहिली कणी लागते. पाणी अगदी स्वच्छ आणि स्थिर असेल, तर ते गोठणबिंदूच्या (पाण्याचं बर्फ होतं त्या तापमानाच्या) खाली जाऊनही पाणीच राहतं. त्याला अतिशीत पाणी म्हणायचं. कणी पडली किंवा धक्का बसला, की ते गोठतं. गोदाक्कांच्या नखाखाली कणी असणार. मंत्र ऐकताना माणसं हलत नाहीत, हा मंत्राचा उपयोग. आणि स्पंद म्हणजे तर अखंड सूक्ष्म थरथर.

"मी उशिरा पोचतो असं मला वाटायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "डोह मीच गोठवत होतो गं."

स्वानंदीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे जादू नव्हतीच. आपण शून्य ते शून्यच.

जमण्याच्या दिवशी तिने गुहेत जाऊन हे सगळं गोदाक्कांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. आईने शिकवलं तसं त्या करत आल्या होत्या; का, ते त्यांनाही आजच कळलं होतं. त्यांनी बर्फाची कणी स्वानंदीच्या बोटावर ठेवली.

"कळलंय ना तुला? मग यंदा तू कर."

स्वानंदीने श्वास रोखून बोट टेकवलं. बोटापासून चांदणीसारखं काहीतरी फुटलं आणि सरसर पलीकडच्या काठापर्यंत धावत गेलं. सगळी गुहा उजळली. कसं होतं ते तिला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला. उलट, ठाऊक होतं म्हणून जास्तच आला.

आजोबा गुहेपासून लांब, टेकडीखाली थांबले होते. ती धापा टाकत त्यांच्याकडे गेली.

"आजोबा, दुसऱ्या उपग्रहांवरच्या गुहांत नुसता बर्फच सापडला म्हणतात. तिथं गेलेले सगळे स्पंदवालेच होते ना?"

त्या गुहांत पहिलं पाऊल शून्यानेच टाकायचं, हे आता आजोबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी तिला जवळ बसवलं आणि डोळे मिटले.

"मला ते कधीच दिसायचं नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."