बाबांच्या पोस्ट बॉक्सवरची आत्या

“बाबा, आत्या आणि मिंगेल अंकल लग्न न करता एकत्र राहायचे, हे तुम्ही अख्ख्या मराठी मंडळापासून का लपवलंत?”

शुक्रवारच्या जेवणात हे विचारायची शुभ्राची छाती होणार नाही, अशी यम्ना आणि सृष्टीनं शाळेच्या बसमध्ये पैज लावली होती. झाली की छाती! बाबांचा घास हातातच राहिला, आई कुकर बघायला उठली... कुकर तर कधीचाच उतरला होता!

सुहासिनीआत्याची मान तेवढी खाली गेली. मिंगेल अंकल गोव्याचे, पोर्तुगीज पासपोर्टवाले. त्यांची गावाकडची बायको घटस्फोट देत नव्हती. त्या पासपोर्टच्या जोरावर ते नोकरीसाठी लंडनला गेले, मागोमाग आत्यानं त्यांची जोडीदार म्हणून व्हिसासाठी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला... एकत्र राहिल्याचा पुरावाच नव्हता! असणार कुठून? शारजात पत्र घरी येत नाही, पोस्ट बॉक्सवर येतं, आणि आत्याचं बँकेचं, टेलिफोनचं प्रत्येक पत्र बाबांनी स्वतःच्या ऑफिसच्या बॉक्सवर मागवायला लावलं होतं. भावाची अब्रू झाकता झाकता त्या वेड्या जिवानं स्वतःचा संसारच पुसून टाकला होता!

आता अपील करायचं होतं. ‘ही दोघं एकत्र राहत होती’, एवढं घरच्या कुणीतरी लिहून द्यायचं होतं. बाबा देत नव्हते.

“इथे तो गुन्हा आहे. खलास! जेव मुकाट्यानं.”

“अपील लंडनला जाणार, बाबा. तुम्हाला पोलिसांची नाही, मंडळाच्या अध्यक्षपदाची काळजी आहे!”

“शुभे!” आत्यानं तिचा हात धरला. “दादाला बोलू नकोस गं... मी राहीन अशीच.”

अशीच! म्हणजे गणपतीत हिनं मोदक वळायचे आणि ह्यांनी सिल्कचा कुर्ता घालून संस्कारांवर भाषण ठोकायचं! शुभ्राला त्या कुर्त्याचीसुद्धा शिसारी आली.

“दर गुरुवारी तुम्हीच मला त्यांच्या बिल्डिंगखाली सोडायचात, आणि न्यायला आलात की खालूनच हॉर्न वाजवायचात. एकदाही वर आला नाहीत. मी मात्र वर होते, बाबा. अंकल पोळ्या करपवायचे, आत्या हसत हसत त्याच खायची. मी पाहिलंय ते!”

आई दारातच थबकली. तिचे डोळे भरून आले होते.

“ओके, लिसन, बोथ ऑफ यू,” शुभ्रा बाबांकडे नि आत्याकडे बघत उठली. “ते पत्र मी लिहिणार, उद्याच फॅक्स करणार. खाली पूर्ण नाव घालणार, शुभ्रा राजाराम सामंत. मधलं नाव तुमचंच आहे, बाबा... ते काही मी गाळणार नाही!”